सर्व्हरची किर्द-खतावणी: पॅकेजेस घालणं, काढणं आणि लाईट गेल्यावर सावरणं

निपाणीतली सौहार्द सोसायटी (सहकारी पतसंस्था) असो, खानापूरचं कॉलेज असो की चिक्कोडीकडचा साखर कारखाना, बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात एक पेटी दिवसरात्र चालू असते आणि तिच्यावर उबुंटू सर्व्हर ही लिनक्स प्रकारची कार्यप्रणाली असते. तिला माऊस नाही, रंगीत खिडक्या नाहीत. काळ्या पडद्यावर एक कर्सर लुकलुकत असतो. तिची देखभाल बहुतेक वेळा नव्यानं लागलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते, आणि पहिली सूचना मिळते ती एवढीच: "अपडेट तेवढं मारत जा." हे "अपडेट मारणं" म्हणजे नेमकं काय, ते कुठल्या क्रमानं करायचं आणि मध्येच घोटाळा झाला तर काय करायचं, हे इथे मांडलं आहे.

फोनवरून कमांड सांगतात तशा इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान ठेवायची. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ (पुढची कमांड व्यवस्थापकाच्या अधिकारानं चालव), ॲप्ट म्हणजे ए-पी-टी. डीपीकेजी हे नाव चार सुट्या अक्षरांचं आहे. फाइलींच्या वाटांमध्ये (पत्त्यांमध्ये) येणारं "व्हार" म्हणजे व्ही-ए-आर आणि "ईटीसी" म्हणजे ई-टी-सी. हायफन, दोन हायफन आणि तिरकी रेघ जशी दिसते तशीच टाइप करायची, आणि शब्दांमधली मोकळी जागा गाळायची नाही.

आधी खतावणी समजून घ्या

पॅकेज म्हणजे एका सॉफ्टवेअरचा बांधलेला गठ्ठा. त्यात फाइली असतात, त्या कुठे ठेवायच्या याचा तपशील असतो, आणि आपल्याला आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात याची यादी असते. गठ्ठा उघडून फाइली जागेवर लावण्याचं काम डीपीकेजी करतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी ते १९९४ पासून वापरात आणलं, आणि उबुंटू डेबियनवरच उभं आहे. ॲप्ट त्याच्या वरच्या पायरीवर बसतं. गठ्ठा कुठून आणायचा, त्याच्याबरोबर आणखी काय लागेल आणि कुठल्या क्रमानं लावायचं, हे ठरवणारं ॲप्ट.

सोसायटीत काम करणाऱ्याला एक गोष्ट लगेच उमगेल. सर्व्हरवर किर्द आणि खतावणी दोन्ही असतात. /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग ही किर्द आहे: कुठल्या तारखेला, किती वाजता, कोणत्या कमांडनं काय घातलं नि काय काढलं, ते ओळीनं. /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही खतावणी आहे: प्रत्येक पॅकेजचं स्वतंत्र खातं, आज ते कोणत्या स्थितीत आहे ते. पुढचं जवळजवळ सगळं एवढ्यावर येतं की सर्व्हरवर जे काही आहे ते या वह्यांत नोंदलेलं असलं पाहिजे. वहीबाहेरचा व्यवहार पतसंस्थेत जसा शेवटी अंगावर येतो, तसाच इथेही येतो.

हात लावण्याआधीच्या चार तपासण्या

पहिली, आवृत्ती. कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज असं टाइप केलं की उबुंटूची कोणती आवृत्ती आहे ते दिसतं. आकड्यातला पहिला भाग वर्ष आणि दुसरा महिना, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. पुढे एलटीएस (दीर्घ मुदतीचा आधार) लिहिलेल्या आवृत्तीला पाच वर्षं नेहमीचे अपडेट मिळतात. त्यामुळे २२.०४ ला २०२७ पर्यंत आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत काळजी नाही. २०.०४ ची मुदत मे २०२५ मध्ये संपली. तिच्यावर अजून काम चाललं असेल तर पॅकेजेस हाताळण्याआधी नव्या आवृत्तीवर जायचं ठरवा. एलटीएस नसलेल्या आवृत्तीला फक्त नऊ महिने आधार असतो. ती कार्यालयाच्या सर्व्हरवर ठेवूच नये.

दुसरी, जागा. डीएफ -एच टाइप करा. मुख्य विभागात, आणि /बूट (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा विभाग) वेगळा असेल तर त्यातही, किती टक्के भरलंय ते बघा. नव्वदच्या वर गेलं असेल तर आधी जागा करा, मग अपडेट. जागा कशी करायची ते खाली आहे.

तिसरी, घड्याळ. टाइमडेटसीटीएल टाइप केल्यावर वेळ, वेळक्षेत्र आणि घड्याळ इंटरनेटशी जुळलंय की नाही ते दिसतं. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग ॲप्ट म्हणतं, "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट". यादीवरची तारीख त्याला भविष्यातली वाटते आणि ते ती नाकारतं. माणूस मात्र इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. सेल बदला, वेळ जुळवा, तक्रार मिटते.

वेळक्षेत्राकडेही नीट बघा. भाड्यानं घेतलेले क्लाउड सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतात. उबुंटू सुरक्षेचे अपडेट आपोआप घालतं ते सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान, पण सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे. यूटीसीतले ६ ते ७ म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा ते साडेबारा, ऐन काउंटरची वेळ! म्हणून:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

इथे एशियाचा ए आणि कोलकाताचा के मोठा लिहायचा.

चौथी तपासणी आपल्या भागात सोडायची नाही: जोडणी तुटली तरी काम चालू राहील अशी सोय. बऱ्याच ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर असतो, पण नेटचा राउटर नसतो. लाईट गेली की सर्व्हर जिवंत, पण तुमची एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची) जोडणी तुटते आणि तिच्यात चाललेली कमांडही मध्येच मरू शकते. त्यासाठी आधी टीमक्स उघडा:

टीमक्स न्यू -एस काम

आता जे चालवाल ते सर्व्हरवरच्या या 'काम' नावाच्या खोलीत चालेल. जोडणी तुटली तर परत लॉगिन करून टीमक्स अटॅच -टी काम टाइप करायचं. काम जिथवर आलं असेल तिथे दिसतं. टीमक्स म्हणजे टी-एम-यू-एक्स. आणि शक्य असेल तर राउटरही यूपीएसवर घ्या, त्याला वीज फारच थोडी लागते.

अपडेट आणि अपग्रेड, दोन वेगळी कामं

नवख्याची पहिली गफलत इथेच होते. सुडो ॲप्ट अपडेट चालवलं की सर्व्हरवर एकही सॉफ्टवेअर बदलत नाही. बाजार समितीतून आजचं भावपत्रक आणावं तसं ते फक्त ताजी यादी आणतं. खरेदी होते ती सुडो ॲप्ट अपग्रेड चालवल्यावर. यादी न आणता थेट खरेदीला गेलात तर ॲप्ट जुन्या यादीवरचं पॅकेज मागतं, ते तिथे नसतं, आणि ४०४ असा आकडा दिसतो. मग इलाज एकच, आधी अपडेट.

क्रम असा ठेवा.

१. सुडो ॲप्ट अपडेट. पडद्यावर ओळी येतात. "हिट" म्हणजे यादी आहे तीच आहे, "गेट" म्हणजे नवी उतरवली, "एर" म्हणजे मिळाली नाही. एर दिसली तर पुढे जाऊ नका. कुठल्या स्रोताची, म्हणजे पॅकेजेस मिळण्याच्या ठिकाणाची, ओळ आहे ते वाचा.

२. ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल. काय बदलणार आहे, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर, ते दिसतं. डेटाबेस, वेब सर्व्हर किंवा पीएचपी यांतलं काही दिसलं तर आधी बॅकअप घ्या.

३. सुडो ॲप्ट अपग्रेड -डी. यातला डी महत्त्वाचा. त्यामुळे पॅकेजेस फक्त उतरवली जातात, बसवली जात नाहीत. उतरवताना नेट गेलं, लाईट गेली, तरी काही बिघडत नाही. परत चालवलं की राहिलेलं उतरतं. धोका असतो तो गठ्ठे उघडून बसवताना. पावसाळ्यात खानापूरकडे नेट आणि लाईट दोन्हींचा भरवसा नसतो तेव्हा दोन टप्प्यांची ही पद्धत फार उपयोगी पडते.

४. यूपीएस भरलेला आहे, लाईट स्थिर आहे, काउंटर बंद आहे, असं बघून सुडो ॲप्ट अपग्रेड. सगळं आधीच उतरलेलं असल्यामुळे धोक्याचा वेळ पुष्कळ कमी होतो.

चौथ्या पायरीवर ॲप्ट थांबून हो की नाही विचारतं. तिथे वाय दाबण्याआधी वरची यादी वाचा. कोणती अपग्रेड होणार, कोणती नव्यानं बसणार, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "रिमूव्ह्ड" या शब्दाखाली काही आहे का. साधं ॲप्ट अपग्रेड काही काढत नाही. सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड मात्र गरज पडली तर पॅकेज काढूनही टाकतं. त्याच्या यादीत तुमच्या डेटाबेसचं नाव "रिमूव्ह्ड"खाली दिसलं तर एन दाबा आणि कारण शोधा. इंटरनेटवरच्या कमांडींत -वाय जोडलेला असतो, म्हणजे न विचारता हो म्हण. शिकत असेपर्यंत तो जोडू नका.

काही पॅकेजेस "डिफर्ड ड्यू टू फेजिंग" असं सांगून मागे ठेवली जातात. हा बिघाड नाही. उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्यानं सोडतं. तुमच्या मशीनची पाळी आली की ते आपोआप येईल, जबरदस्ती करायची गरज नाही.

वेळ कोणती निवडावी? सोसायटीत ३१ मार्चच्या आसपासचे पंधरा दिवस मोठे बदल करू नयेत. कारखान्यात गळीत हंगाम चालू असताना वजनकाट्याच्या सर्व्हरवर फक्त सुरक्षेचे अपडेट घ्यावेत, बाकीचं पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर.

नवं पॅकेज घालणं: कन्नड आणि मराठी फॉन्टचं उदाहरण

सीमाभागातल्या सर्व्हरवर हमखास येणारी अडचण म्हणजे पावती. सॉफ्टवेअर पावतीची पीडीएफ सर्व्हरवर बनवतं, ग्राहकाचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये असतं, आणि छापल्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. सॉफ्टवेअर बरोबर असतं. सर्व्हरवर त्या लिपीचा फॉन्टच नसतो.

आधी शोध घ्या:

ॲप्ट सर्च लोहित

इथे पॅकेजची नावं भाषेवरून नाहीत, लिपीवरून आहेत. देवनागरीसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा, म्हणजे डी-ई-व्ही-ए, आणि कन्नडसाठी फॉन्ट्स-लोहित-कन्डा, म्हणजे के-एन-डी-ए. मराठी किंवा कन्नड असा शब्द टाकून शोधणाऱ्याला म्हणूनच पटकन सापडत नाही.

मग माहिती बघा. ॲप्ट शो फॉन्ट्स-लोहित-देवा टाइप केलं की वर्णन, आकार आणि ते कशावर अवलंबून आहे ते दिसतं. ॲप्ट पॉलिसी हाच शब्द पुढे लावून चालवलं की कुठली आवृत्ती बसलेली आहे, कुठली मिळू शकते आणि ती कुठल्या स्रोतातून येणार, हे कळतं. कुठलंही पॅकेज घालण्याआधी पॉलिसी बघायची सवय लावून घ्या. माल कुठल्या दुकानाचा ते आधी कळलेलं बरं.

आता तालीम. सुडो ॲप्ट इन्स्टॉल -एस आणि पुढे दोन्ही पॅकेजेसची नावं. एस लावल्यामुळे काय होईल ते फक्त दाखवलं जातं, प्रत्यक्षात काही होत नाही. यादी पटली की -एस काढून तीच कमांड परत चालवा.

तपासायला एफसी-लिस्ट :लँग=केएन टाइप करा; कन्नडचे फॉन्ट दिसले पाहिजेत. केएन च्या जागी एमआर लिहिलं की मराठीचे. "कमांड नॉट फाउंड" आलं तर फॉन्टकॉन्फिग हे पॅकेज नाही, ते घाला. एवढं करूनही चौकोनच छापले जात असतील, तर पीडीएफ बनवणारी सेवा रिस्टार्ट करा. चालू असलेला प्रोग्राम सुरू होताना वाचलेली फॉन्टची यादीच धरून बसतो.

कधी कधी लहानशा पॅकेजबरोबर भलीमोठी यादी येते. त्यात दोन प्रकार असतात. काही पॅकेजेस असल्याशिवाय मूळ पॅकेज चालतच नाही. काहींची नुसती शिफारस असते, पण ॲप्ट तीही घालतं. सर्व्हरवर जागा कमी असेल किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चाललं असेल, तर --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स जोडा. मात्र नंतर एखादी सोय चालत नाही असं वाटलं तर या शिफारशींकडे आधी बघा.

सेटिंगची फाइल कोणाची ठेवू?

अपग्रेड चालू असताना मध्येच प्रश्न येतो: अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजबरोबर नवी आली आहे, कोणती ठेवू? न वाचता एंटर दाबलं तर तुमचीच राहते. बहुतेक वेळा तेच योग्य असतं. घाबरून वाय दाबलात तर तुमची फाइल बाजूला पडते आणि कोरी फाइल लागते, मग पोर्ट, पासवर्ड, आयपी पत्ता सगळं मूळ पदावर. तसं झालंच तर जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये शेवटी .डीपीकेजी-ओल्ड लावून ठेवलेली असते. आणि तुमची ठेवली असेल तर नवी .डीपीकेजी-डिस्ट या शेपटीसह पडून असते. सवडीनं दोन्ही ताडून बघा. निर्णय घेण्याआधी डी दाबलं तर फरक तिथल्या तिथे दिसतो.

बसवताना लाईट गेली

हा प्रसंग इथे कुणालाही येऊ शकतो. म्हणून क्रम पाठ करून ठेवा आणि कागदावर लिहून सर्व्हरच्या पेटीवर चिकटवा.

मशीन परत सुरू झालं आणि लॉगिन करता आलं, की पुढचं ॲप्ट चालवताना बहुधा असा निरोप येतो: "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड". खतावणीत काही खाती अर्धवट आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पॅकेज उघडलं गेलं, पण त्याची जोडणी (कॉन्फिगर करणं) पुरी झाली नाही. सर्व्हर फॉरमॅट करायची गरज नाही.

पहिलं, डीएफ -एच नं जागा आहे ना ते बघा. जागा नसेल तर पुढचं काहीच पुरं होणार नाही.

दुसरं, सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. अर्धवट राहिलेल्या सगळ्या पॅकेजेसची जोडणी ते पुरी करतं. त्याला वेळ लागू शकतो, मध्ये तोडू नका.

तिसरं, सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. कुठलं अवलंबून असलेलं पॅकेज यायचं राहिलं असेल तर ते आणलं जातं. इथेही रिमूव्हची यादी वाचूनच होकार द्या.

चौथं, सुडो डीपीकेजी --ऑडिट. काहीच छापलं नाही तर खतावणी जुळली. एखादं नाव आलं तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल आणि पुढे ते नाव. लाईट जाताना लिहिली जात असलेली फाइल कधी कधी शून्य आकाराची राहते; रीइन्स्टॉलनं ती नव्यानं लिहिली जाते.

पाचवं, लिनक्सच्या कर्नलचं (प्रणालीच्या गाभ्याचं) अपग्रेड चालू होतं का ते किर्दीत बघा. असेल तर रीबूट करण्याआधी सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल आणि मग सुडो अपडेट-ग्रब चालवा. अर्धवट कर्नलवर रीबूट केलं तर मशीन सुरूच न होण्याची भीती असते. तसं झालंच तर सुरू होताना ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" निवडून आधीचं कर्नल घ्या. त्यासाठीच जुनं एक कर्नल नेहमी ठेवलेलं असतं.

खतावणीची फाइलच खराब झाली असेल तर तिच्या मागच्या प्रती /व्हार/बॅकअप्स या फोल्डरमध्ये डीपीकेजी.स्टेटस या नावानं असतात. ही वेळ क्वचित येते, आणि आली तर चालू फाइलची प्रत बाजूला काढल्याशिवाय काहीही बदलू नका.

कुलूप लागलंय

"कुड नॉट गेट लॉक" असा निरोप आला की दुसरं कुणीतरी आत्ता खतावणीत लिहीत आहे. निरोपातच त्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक आणि नाव असतं. बहुधा ते अनअटेंडेड-अपग्रेड असतं, म्हणजे आपोआप चालणारे सुरक्षेचे अपडेट. रात्री सर्व्हर बंद ठेवून सकाळी दहाला चालू करणाऱ्या कार्यालयात हे रोज दिसू शकतं. सकाळची ६ ची वेळ चुकलेली असते, म्हणून मशीन सुरू झाल्यावर ते काम हाती घेतलं जातं.

इलाज: थांबा. दहा-पंधरा मिनिटं द्या. कुलपाची फाइल पुसून टाका असा सल्ला इंटरनेटवर ठिकठिकाणी मिळतो, तो ऐकू नका. एकाच खतावणीत दोघांनी एकदम लिहिलं तर काय होईल? तेच इथे होतं. खूप वेळ झाला तर पीएस ऑक्स | ग्रेप ॲप्ट चालवून ती प्रोसेस खरंच जिवंत आहे का ते बघा. ऑक्स म्हणजे ए-यू-एक्स. प्रोसेस नसेल तर कुलूपही नसतं, फाइल नुसती पडून असली तरी.

आपोआप होणारे सुरक्षेचे अपडेट बंद करावेत का? नाही. जिथे रोज बघायला माणूस नाही तिथे ते चालूच हवेत. सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स चालवून ते चालू असल्याची खात्री करून घ्या.

जागा करणं आणि पॅकेज काढणं

उतरवलेले गठ्ठे /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज मध्ये साठतात. सुडो ॲप्ट क्लीन नं ते जातात; बसवलेल्या सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही. /बूट भरलं असेल तर जुनी कर्नल साठलेली असतात, ती सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह नं निघतात. ऑटोरिमूव्ह "आता कुणाला लागत नाहीत" अशी पॅकेजेस काढतं, पण तुम्हाला लागणारं एखादं पॅकेज दुसऱ्याच्या निमित्तानं आलेलं असेल तर तेही त्या यादीत येऊ शकतं. तसं दिसलं तर सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल आणि पुढे त्याचं नाव. मग ते राहतं. /बूट मधल्या फाइली हातानं कधीही पुसू नका, खतावणीला त्याचा पत्ता लागत नाही.

काढण्याच्या कमांडी दोन. ॲप्ट रिमूव्ह सॉफ्टवेअर काढतं, सेटिंगच्या फाइली ठेवतं. ॲप्ट पर्ज सेटिंगही पुसतं. डीपीकेजी -एल च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला "आयआय" असेल तर पॅकेज बसलेलं आहे, "आरसी" असेल तर काढलंय पण सेटिंग शिल्लक आहे. डेटाबेसचं पॅकेज पर्ज करताना डेटाही पुसू का असा प्रश्न येऊ शकतो. खातेदारांच्या नोंदी तिथेच असतात, तेव्हा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय त्याला हो म्हणू नका.

एखादी फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते डीपीकेजी -एस आणि फाइलची पूर्ण वाट देऊन कळतं. इथला एस मोठा. उलट, पॅकेजनं कुठे कुठे फाइली ठेवल्या ते मोठा एल लावून. जुन्या माणसानं बसवून ठेवलेला सर्व्हर समजून घेताना या दोन कमांडी कामाला येतात.

बाहेरचा माल

उबुंटूच्या स्रोतांची यादी २४.०४ मध्ये /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस या फाइलीत असते, त्याआधी ती /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट मध्ये असायची. सॉफ्टवेअर विकणारा कधी स्वतःचा स्रोत जोडायला सांगतो. जोडायचाच असेल तर त्याची सही तपासणारी किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून त्या स्रोतापुरतीच लागू करा. ॲप्ट-की ही जुनी कमांड वापरायला सांगणाऱ्या सूचना कालबाह्य आहेत. तिनं घातलेली किल्ली सगळ्याच स्रोतांना लागू व्हायची, आणि धोका तिथेच होता. "नो पबकी" असा निरोप आला तर ती किल्लीच नाही. तपासणी बंद करून पुढे जाणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

नुसती .डेब फाइल मिळाली असेल तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./ आणि त्याला जोडून फाइलचं नाव. सुरुवातीचं टिंब आणि तिरकी रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव यादीत शोधत बसतं. डेबियनचा स्रोत उबुंटूत किंवा २४.०४ चा २२.०४ मध्ये जोडू नका. लगेच काही होत नाही, पण पुढच्या अपग्रेडला लायब्ररींच्या आवृत्त्या एकमेकींत अडकतात आणि सोडवता सोडवत नाहीत.

पायथन भाषेची पॅकेजेस घालणाऱ्या पिपनं थेट सर्व्हरवर काही घालायला गेलं तर २४.०४ "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणून अडवतं. ते बरोबरच आहे, कारण पिप खतावणीबाहेर लिहितं. पायथन३-व्हेनव्ह हे पॅकेज घालून त्या प्रकल्पासाठी वेगळं फोल्डर करा आणि पिप तिथे वापरा.

जागचं हलवायचं नाही ते

विक्रेत्यानं "डेटाबेसची आवृत्ती बदलू नका" असं लेखी सांगितलं असेल तर सुडो ॲप्ट-मार्क होल्ड आणि पॅकेजचं नाव. काय काय धरून ठेवलंय ते ॲप्ट-मार्क शोहोल्ड नं दिसतं, सोडायला अनहोल्ड. धरून ठेवलेल्या पॅकेजला सुरक्षेचे अपडेटही मिळत नाहीत, म्हणून तारीख लिहून ठेवा आणि विक्रेत्याला दर तीन महिन्यांनी विचारा.

अपग्रेडनंतर /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली तर रीबूट लागणार आहे. २४.०४ मध्ये नीडरिस्टार्ट हा प्रोग्राम बऱ्याच सेवा न विचारता रिस्टार्ट करतं, त्यामुळे काउंटरवरचं सॉफ्टवेअर काही क्षण तुटू शकतं. अपग्रेड काउंटर बंद झाल्यावर करायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

लॅबसाठी एक सोय

बेळगावातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मशीन असतील तर तेच पॅकेज तीसदा उतरवणं म्हणजे नेटची उधळण. एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी घाला. ते ३१४२ या पोर्टवर ऐकतं. बाकीच्या मशीनवर /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी मध्ये प्रॉक्सीची (मधल्या मशीनची) एक ओळ लिहून या मशीनचा आयपी पत्ता आणि पोर्ट द्या. पहिल्या मशीननं उतरवलेलं पॅकेज मग बाकीच्यांना लॅबच्या आतल्या नेटवर्कवरूनच मिळतं. एचटीटीपीएसनं येणारे स्रोत मात्र असे साठवले जात नाहीत. ते मशीन बंद असलं की सगळ्या लॅबचं अपडेट अडतं, म्हणून त्याच्यावर पाटी लावा.

मशीन बदलायची वेळ आली तर

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल ही कमांड माणसानं मुद्दाम घातलेल्या पॅकेजेसची यादी देते. पुढे > पॅकेजयादी.टीएक्सटी जोडलं की ती फाइलीत उतरते. फाइलचं नाव रोमन अक्षरांतच द्या. महिन्यातून एकदा ही फाइल, /ईटीसी फोल्डर आणि हिस्टरी.लॉग यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. किर्दीच्या जुन्या पानांचे आपोआप गठ्ठे बांधले जातात, त्यांच्या नावाच्या शेवटी .जीझेड असतं, ते झेडलेस नं वाचता येतात. आधीचं मशीन जळालं तरी नव्या मशीनवर त्याच आवृत्तीचं उबुंटू घालून, यादीतली नावं ॲप्ट इन्स्टॉलला देऊन आणि सेटिंगच्या फाइली एकेक करून जागेवर ठेवून सर्व्हर परत उभा राहतो. डेटाबेसचा बॅकअप या यादीत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तो त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका.